पेटंट उल्लंघनाची नोटीस किंवा दावा आला तर: मराठवाड्यातल्या इलेक्ट्रॉनिक्स कारखानदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा, जालना, लातूर, नांदेड इथल्या छोट्या-मध्यम इलेक्ट्रॉनिक्स कारखानदारांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. कुणी पंपाचे मोबाईल स्टार्टर बनवतं, कुणी झटका मशीन, कुणी एलईडी ड्रायव्हर, तर कुणी मोठ्या कंपनीला पीसीबी (सर्किट बोर्ड) भरून देतं. नोटीस आल्यावरची धावपळ मात्र सगळीकडे सारखीच असते. खालची माहिती भारतीय कायद्याची आहे. तुमचे कागद पाहिल्याशिवाय तुमच्या प्रकरणाचा निकाल कुणीही छातीठोकपणे सांगू नये, आणि इथेही तसं सांगितलेलं नाही.

१. आमचं मशीन दुसऱ्या कंपनीच्या मशीनसारखं दिसतं. एवढ्यावरून पेटंटचं उल्लंघन होतं का?

नाही. पेटंटच्या कागदाच्या शेवटी क्रमांक घातलेली लांबलचक वाक्यं असतात, त्यांना क्लेम म्हणतात. पेटंटधारकाचा हक्क त्या वाक्यांपुरताच असतो. पुढची आकृती, वर्णन, जाहिरातीतले शब्द यांतून क्लेमचा अर्थ लावायला मदत होते, पण त्यांच्यावर वेगळा हक्क मिळत नाही. बाहेरचा आकार डिझाइन्स कायदा २००० खाली येतो आणि नाव-लोगो ट्रेडमार्कखाली. नोटिशीत बरेचदा हे तिन्ही एकत्र कालवलेलं असतं, म्हणून नोटीस नक्की कशाची आहे ते आधी वेगळं करून घ्या.

पेटंट अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं चालतं, तेही नूतनीकरणाची फी वेळेवर भरली तर. तेवढा काळ ती वस्तू बनवणं, वापरणं, विकणं, विक्रीला ठेवणं आणि आयात करणं यांना परवानगीशिवाय मज्जाव करण्याचा हक्क पेटंट कायदा १९७० च्या कलम ४८ ने मिळतो.

२. पेटंट अमेरिकेत किंवा चीनमध्ये आहे, भारतात नाही. मग आम्ही इथे बनवू शकतो ना?

हो, भारतात बनवून भारतात विकायला त्या पेटंटची अडचण नाही. मात्र तोच माल त्या देशात निर्यात केलात तर तिथला कायदा लागतो. आणि 'भारतात नाही' हे कुणाच्या सांगण्यावर मानू नका. बाहेरचा अर्ज भारतात यायला बराच काळ लागतो, त्यामुळे आज शोधात न दिसणारा अर्ज पुढच्या वर्षी दिसू शकतो.

३. वकिलाची नोटीस आली आहे, सात दिवसांत उत्पादन बंद करा म्हणतात. पहिल्यांदा काय करायचं?

नोटीस हातात पडली त्या दिवसाची तारीख लिहून ठेवा आणि पाकीट जपा. मग नोटिशीतला पेटंट क्रमांक घेऊन भारतीय पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर जा. तिथे पूर्ण पेटंट फुकट वाचायला मिळतं. ई-रजिस्टरमध्ये मालक कोण आणि फी कुठवर भरली आहे, तेही दिसतं. अर्ध्या तासाचं हे काम लोक टाळतात आणि थेट घाबरतात. कधी पेटंट फी न भरल्याने बंद पडलेलं निघतं, कधी नोटीस पाठवणाऱ्याच्या नावावरच नसतं. बंद पडलेलं पेटंट १८ महिन्यांच्या आत अर्ज करून पुन्हा चालू करता येतं, म्हणून तीही तारीख पाहा.

सात दिवसांची मुदत नोटीस देणाऱ्याने घातलेली आहे, कायद्याने नाही. तरी गप्प बसू नका. उत्तर न देणाऱ्याबद्दल कोर्टाचं मत चांगलं होत नाही, आणि नुकसानभरपाईच्या वेळी 'यांना अमुक तारखेपासून माहीत होतं' हे नोटिशीवरूनच सिद्ध होतं (प्रश्न १५ पाहा).

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मालकाने स्वतः फोन उचलून बोलू नये. 'साहेब, आम्ही छोटी माणसं आहोत, चुकून झालं, पुढं करणार नाही' असा व्हॉट्सॲपवरचा एक मेसेज पुढे कोर्टात कबुलीजबाब म्हणून दाखल होतो. गयावया करायची म्हणून लिहिलेलं वाक्य नंतर मागे घेता येत नाही. आणि संगणकावरचं, फोनवरचं काहीही पुसू नका. जुनी सर्किट ड्रॉइंग, फर्मवेअरच्या आवृत्त्या, ईमेल ही बचावाची सामग्री आहे. ती नष्ट केली असं दिसलं तर बचावाची धार जाते.

४. पेटंटच्या तक्रारीवरून पोलीस धाड टाकू शकतात का?

नाही. भारतात पेटंटचं उल्लंघन हा दिवाणी वाद आहे, फौजदारी गुन्हा नाही. पोलीस आले तर तक्रार ट्रेडमार्क किंवा कॉपीराइटची आहे का ते विचारा, कारण त्या कायद्यांत फौजदारी कलमं आहेत. कोर्ट कमिशनर (कोर्टाने पाहणीसाठी नेमलेला माणूस) ही गोष्ट वेगळी आहे, ती प्रश्न ७ मध्ये आहे.

५. कारखाना वाळूजला, माल विकतो बीड-परभणीत. मग दावा दिल्लीत कसा?

पेटंटचा दावा प्रतिवादी जिथे राहतो किंवा धंदा करतो तिथे, किंवा जिथे उल्लंघन घडलं तिथे लावता येतो. ट्रेडमार्क आणि कॉपीराइटमध्ये वादीला स्वतःच्या गावी दावा लावायची जादा सवलत आहे, पेटंटमध्ये ती नाही. पण दिल्लीतल्या एका ग्राहकाने ऑनलाइन तुमचा एक नग मागवला आणि तुम्ही बिल करून पाठवला, तर 'उल्लंघन दिल्लीत घडलं' असं म्हणायला वादीला जागा मिळते. तो ग्राहक अनेकदा वादीनेच उभा केलेला असतो. अधिकारक्षेत्राची हरकत घ्यायची असेल तर ती पहिल्याच संधीला घ्या. कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) देऊन, पुरावा होऊन गेल्यावर ती कुणी ऐकत नाही.

दिल्ली उच्च न्यायालयात २०२१ पासून बौद्धिक संपदेसाठी वेगळा विभाग आहे आणि २०२२ पासून पेटंट दाव्यांचे स्वतंत्र नियम आहेत, म्हणून मोठ्या कंपन्या तिकडे ओढतात. प्रत्येक तारखेला सचखंड एक्स्प्रेस पकडायची गरज उरलेली नाही, सुनावणीला व्हिडिओवरूनही हजर राहता येतं. साक्षीपुराव्याच्या वेळी मात्र जाण्याची तयारी ठेवा.

आपल्याकडे दावा लागायचा असेल तर तो जिल्हा न्यायालयाच्या खाली लागत नाही (कलम १०४).

६. आम्हाला न ऐकताच मनाई हुकूम होईल अशी भीती आहे. आधी काही करता येतं का?

येतं, त्यासाठी कॅव्हेट आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८अ खाली कॅव्हेट दाखल केलं की विरुद्ध बाजूच्या अर्जावर हुकूम करण्याआधी कोर्टाला तुम्हाला कळवावं लागतं. ते ९० दिवस चालतं, मग पुन्हा दाखल करावं लागतं. दावा जिथे जिथे लागू शकतो त्या प्रत्येक कोर्टात वेगळं करा, फक्त संभाजीनगरात करून निर्धास्त होऊ नका.

एकतर्फी हुकूम झालाच, तर तो रद्द करून घ्यायला लगेच अर्ज करता येतो. तिथे तीन गोष्टी तोलल्या जातात: प्रथमदर्शनी कुणाची बाजू खरी वाटते, हुकूम दिला किंवा नाकारला तर कुणाची गैरसोय जास्त, आणि पैशाने भरून न येणारं नुकसान कुणाचं. पेटंटच्या वैधतेबद्दल गंभीर शंका दाखवता आली तर मनाई नाकारली जाऊ शकते. रोश विरुद्ध सिप्ला या २००९ च्या औषधाच्या प्रकरणात तसं झालं, आणि ते तत्त्व इलेक्ट्रॉनिक्सच्या दाव्यांतही रोज वापरलं जातं. 'विक्रीचा हिशोब ठेवतो, ठरावीक रक्कम कोर्टात भरतो, पण उत्पादन चालू राहू द्या' हा प्रस्ताव स्वतःहून मांडा. मजुरांचे पगार आणि अर्धवट ऑर्डरी अडकलेल्या असताना हा प्रस्ताव फार उपयोगी पडतो.

७. कोर्ट कमिशनर दारात आहे. शटर उघडायचं का?

उघडा. अडवणूक केली तर कोर्टाचा अवमान होतो आणि प्रकरण पहिल्याच दिवशी तुमच्या विरोधात झुकतं. पण हुकुमाची प्रत आधी मागा आणि शांतपणे वाचा. कुठला पत्ता, कुठलं उत्पादन, काय करायचं (फक्त यादी, नमुना, सील की हिशोबाच्या प्रती) ते त्यात लिहिलेलं असतं. हुकुमात गाळा क्रमांक एक असेल तर शेजारच्या भावाच्या गाळ्यात शिरता येत नाही. हुकुमात फक्त स्टार्टर असेल तर झटका मशीनच्या खोक्यांना सील लागत नाही. हरकत तोंडी घेऊन थांबू नका, कमिशनरच्या अहवालात लिहून घ्यायला सांगा.

प्रत्येक नमुन्याचा सिरीयल नंबर, पीसीबीवरचा आवृत्ती क्रमांक, फोटो हे सगळं तुमच्याही माणसाने टिपावं. पुढे 'हा बोर्ड आमचा नाहीच' किंवा 'ही जुनी आवृत्ती आहे' हे म्हणायचं तर त्या दिवसाची नोंदच कामी येते. फर्मवेअर, ग्राहकांची यादी असा गोपनीय माल घेत असतील तर तो बंद पाकिटात ठेवण्याची विनंती नोंदवा. फक्त ठरावीक वकील-तज्ज्ञांनाच कागद पाहू द्यावेत अशी व्यवस्था कोर्टाकडून नंतर करून घेता येते.

८. उल्लंघन झालं की नाही हे कोर्ट नेमकं कसं ठरवतं?

क्लेमचे तुकडे पाडून. समजा, एका कल्पित पेटंटचा पहिला क्लेम असा आहे: 'पंपाच्या मोटरीसाठी नियंत्रक, ज्यात (क) तिन्ही फेजचा करंट मोजणारे सेन्सर, (ख) मोबाईल नेटवर्कचं मॉड्यूल, (ग) करंट ठरावीक मर्यादेखाली राहिला तर ड्राय रन (पाण्याविना पंप चालणं) समजून मोटर बंद करणारा रिले, आणि (घ) आधीच्या वेळी विहिरीत पाणी भरायला किती वेळ लागला त्यावरून पुढची चालू करण्याची वेळ स्वतः ठरवणारं नियंत्रण आहे.'

आता तुमचा बोर्ड टेबलावर घ्या. सेन्सर आहेत, पण दोनच फेजवर. मॉड्यूल आहे. ड्राय रनचा रिले आहे. पण पुन्हा चालू होण्याची वेळ शेतकरी प्रीसेट फिरवून ठरवतो, मशीन काही शिकत नाही. म्हणजे (घ) नाही आणि (क) पूर्ण नाही. क्लेममधला प्रत्येक तुकडा तुमच्या उत्पादनात असेल तरच शब्दशः उल्लंघन होतं. चारपैकी तीन जुळले म्हणून पाऊण उल्लंघन असं काही नसतं.

पण इथे थांबू नका. क्षुल्लक फेरफार करून सुटका होत नाही, हे दिल्ली उच्च न्यायालयाने राज प्रकाश विरुद्ध मंगतराम चौधरी या फिल्मस्ट्रिप व्ह्यूअरच्या जुन्या प्रकरणातच सांगितलं आहे. शोधाचा गाभा घेतला आहे का, हे कोर्ट पाहतं. तीनऐवजी दोन फेजवर सेन्सर हा फरक कदाचित क्षुल्लक ठरेल. 'मशीन स्वतः शिकतं' हाच शोधाचा गाभा असेल, तर प्रीसेटचा फरक मोठा ठरेल. कोणता फरक कोणत्या प्रकारचा, हे कळायला पेटंट मिळवताना अर्जदाराने परीक्षकाला दिलेली उत्तरं वाचा. तीही संकेतस्थळावर असतात. 'आमचं वेगळेपण स्वतः शिकणाऱ्या नियंत्रणातच आहे' असं तिथे लिहून पेटंट घेतलं असेल, तर आज उलट बोलणं त्यांना जड जातं.

हा तक्ता तुमच्या डिझाइन इंजिनियरने आणि वकिलाने एकत्र बसून करावा. एकट्या वकिलाला बोर्ड कळत नाही, एकट्या इंजिनियरला क्लेममधल्या स्वल्पविरामाचं वजन कळत नाही.

९. सरकारनेच तपासून पेटंट दिलं आहे, मग ते खोटं कसं ठरेल?

कायदाच म्हणतो की परीक्षण झालं म्हणून वैधतेची हमी नाही (कलम १३(४)). कलम ६४ मध्ये पेटंट रद्द करण्याची जी कारणं आहेत ती सगळी कलम १०७ प्रमाणे बचावातही वापरता येतात. त्यातली रोजच्या कामाची दोन: शोध आधीच लोकांना माहीत होता, किंवा त्या क्षेत्रातल्या जाणकाराला तो सहज सुचण्याजोगा होता. भांडी बनवण्याच्या यंत्रावरच्या बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज या खटल्यात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की कारागिराच्या हातून सहज होणारी सुधारणा पेटंटलायक नसते.

मराठवाड्यातल्या कारखानदारांनी हा भाग दोनदा वाचावा. परीक्षक प्रामुख्याने जगभरची पेटंटं आणि लेख पाहतो. परभणीच्या कृषी प्रदर्शनात २०११ साली वाटलेलं मराठी पत्रक त्याच्या शोधात येत नाही. मसिआच्या (मराठवाड्यातल्या लघुउद्योजकांच्या संघटनेच्या) एक्स्पोतला स्टॉलचा फोटो, जुन्या मशीनचं यूजर मॅन्युअल, डीलरचं बिल, चितेगावच्या टीव्ही कारखान्यातून निवृत्त झालेल्या तंत्रज्ञाकडचं सर्व्हिस मॅन्युअल हे सगळं अर्जाच्या तारखेआधीचं असेल आणि त्यात क्लेममधले तुकडे दिसत असतील, तर त्याची किंमत मोठी आहे. गोडाउनमधली जुनी मशीन भंगारात देऊ नका. सिरीयल नंबर आणि बिल जुळणारं एक जुनं मशीन दहा पानी युक्तिवादापेक्षा भारी पडतं.

तारीख सिद्ध करावी लागते. व्हॉट्सॲप ग्रुपवरचा जुना फोटो किंवा ईमेल द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. म्हणून तो जुना फोन विकू नका.

आणखी एक युक्तिवाद १९१३ पासून चालत आला आहे, जिलेटच्या वस्तऱ्याच्या इंग्लंडमधल्या खटल्यापासून: 'आम्ही जे करतो ते तुमच्या अर्जाआधीच सगळे करत होते. म्हणून एकतर आमचं उल्लंघन नाही, किंवा तुमचं पेटंट टिकत नाही.' क्लेम फार रुंद लिहिलेला असेल तेव्हा हा बचाव चपखल बसतो.

१०. आम्ही त्यांच्या आधीपासूनच बनवतोय. एवढं पुरेसं नाही का?

विक्री उघड झालेली असेल तर ती प्रश्न ९ मधला पुरावा होते आणि पेटंटच हलतं. 'आधी बनवत होतो म्हणून मला चालू ठेवू द्या' असा स्वतंत्र हक्क मात्र आपल्या कायद्यात नाही. कारखान्याच्या आत, कुणाला न दाखवता वापरलेली पद्धत असेल तर कलम ६४ मध्ये गुप्त वापराचंही कारण आहे, पण ते सिद्ध करणं बरंच अवघड जातं.

११. त्यांचं पेटंट म्हणजे नुसता अल्गोरिदम आहे. सॉफ्टवेअरला भारतात पेटंट मिळत नाही ना?

कलम ३(ट) मध्ये निव्वळ संगणक प्रोग्राम, अल्गोरिदम, गणिती आणि व्यवसायाची पद्धत यांना पेटंट नाही. इंग्रजी प्रतीत हेच ३(के). पण 'निव्वळ' या शब्दावर सगळं घोडं अडतं. फेरीद अल्लानी प्रकरणात २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटलं की तांत्रिक परिणाम दाखवणारा शोध केवळ प्रोग्राम आहे म्हणून बाद होत नाही. मोटर जळण्यापासून वाचते, बॅटरी कमी खर्च होते, हे तांत्रिक परिणामच आहेत. हा बचाव घ्या, पण एकट्या त्याच्यावर विसंबू नका.

१२. पेटंट रद्द करायला कुठे जायचं? विरोध, रद्दचा अर्ज आणि दाव्यातला प्रतिदावा, तिन्ही एकदम करू का?

नाही, निवड करावी लागते. पेटंट मंजूर झाल्याची प्रसिद्धी होऊन एक वर्ष झालं नसेल तर पेटंट कार्यालयात विरोध दाखल करता येतो. ती मुदत गेली असेल तर उच्च न्यायालयात रद्दचा अर्ज किंवा उल्लंघनाच्या दाव्यातच प्रतिदावा (तुमच्या बाजूने उलटा दावा). पूर्वी यासाठी वेगळं अपील मंडळ होतं, ते २०२१ मध्ये बंद झालं. ॲलॉइस वॉबेन विरुद्ध योगेश मेहरा या पवनचक्क्यांच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये ठरवून दिलं की एकाच पेटंटविरुद्ध यातले अनेक मार्ग समांतर चालवता येत नाहीत. रागाच्या भरात घाईने विरोध दाखल करणारे पुढे प्रतिदाव्याचा हक्क गमावतात.

डावपेचाची बाजूही पाहा. जिल्हा न्यायालयातल्या दाव्यात प्रतिदावा केला की दावा आणि प्रतिदावा दोन्ही उच्च न्यायालयाकडे जातात. प्रतिदावा न करता फक्त बचाव म्हणून अवैधता मांडली तर प्रकरण जिल्ह्यातच राहतं, पण पेटंट रजिस्टरवरून जात नाही. खर्च, वेळ, पुरावा पाहून हे ठरवा.

१३. कैफियत द्यायला किती मुदत?

समन्स मिळाल्यापासून ३० दिवस, कोर्टाने वाढवली तर जास्तीत जास्त १२० दिवस. व्यावसायिक दाव्यांत १२१ व्या दिवशी कैफियतीचा हक्कच जातो, आणि सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये ही मुदत सक्तीची असल्याचं सांगितलं आहे. दिवाळी, पोळा, मार्चएंड काहीही आडवं येऊ देऊ नका. प्रश्न ९ मधले जुने कागद गोळा करायला वेळ लागतो, म्हणून मोजणी पहिल्या दिवसापासून करा.

१४. आम्ही फक्त जॉबवर्क करतो, डिझाइन कंपनीचं. आमच्यावर दावा कसा?

'बनवणं' हेच उल्लंघनात येतं, डिझाइन कुणाचं हे कायदा विचारत नाही. तसंच विकणारा दुकानदारही प्रतिवादी होऊ शकतो. मात्र तुम्ही एखादा साधा भाग पुरवता आणि पूर्ण क्लेम दुसरीकडे जुळवणी झाल्यावर पुरा होतो, तेव्हा तुमची बाजू बरीच बळकट असते. दुसऱ्याच्या उल्लंघनाला हातभार लावल्याबद्दल आपल्या पेटंट कायद्यात वेगळं कलम नाही.

खरी सोय करारात करायची असते. पर्चेस ऑर्डरच्या मागे बारीक अक्षरांत 'पेटंटची सर्व जबाबदारी पुरवठादाराची' असं छापलेलं असतं आणि आपण खाली सही करतो. जिथे ड्रॉइंग त्यांचं आहे तिथे हे कलम उलटं करून घ्या: त्यांच्या डिझाइनमुळे दावा आला तर खर्च आणि भरपाई त्यांची. मोठी कंपनी नाही म्हणेल. निदान स्वतःच्या ड्रॉइंगपुरती तरी जबाबदारी घ्या, हा मधला तोडगा बरेचदा मान्य होतो.

१५. आम्हाला पेटंट आहे हे माहीतच नव्हतं.

याचा अर्धा उपयोग होतो. माहीत नव्हतं आणि माहीत असण्याचं वाजवी कारणही नव्हतं, हे तुम्ही सिद्ध केलं तर नुकसानभरपाई आणि नफ्याचा हिशोब लागत नाही (कलम १११). खोक्यावर नुसतं 'पेटंटेड' छापलेलं असेल आणि क्रमांक नसेल, तर तेवढ्यावरून तुम्हाला माहिती होती असं धरत नाहीत. मनाई हुकूम मात्र तरीही मिळू शकतो. आणि नोटीस हाती पडल्यावर हा बचाव पुढच्या विक्रीसाठी संपतो.

भरपाई साधारण मागच्या तीन वर्षांपुरतीच मागता येते. मुदत कायद्याने प्रत्येक उल्लंघनाच्या तारखेपासून तीन वर्षं मोजतात.

१६. मॉड्यूल चीनमधून आणतो. सप्लायर म्हणतो त्याच्याकडे लायसन्स आहे. मग आम्ही सुरक्षित ना?

लायसन्स खरं असेल तर बरीच सुरक्षितता आहे. कायद्याने अधिकार मिळालेल्या व्यक्तीकडून पेटंटची वस्तू आयात करणं कलम १०७अ प्रमाणे उल्लंघन ठरत नाही. पण ते सिद्ध करण्याचं ओझं तुमच्यावर येतं. फिलिप्सच्या डीव्हीडी प्लेअरच्या प्रकरणात प्रतिवादींनी असाच बचाव घेतला होता की सुटे भाग परवानाधारकाकडूनच घेतले. पुरावा देता आला नाही. १२ जुलै २०१८ च्या निकालात दिल्ली उच्च न्यायालयाने प्रत्येक नगामागे रॉयल्टी लावली, २७ मे २०१० पर्यंत ३.१७५ डॉलर आणि नंतर १.९० डॉलर. छोट्या जुळणी कारखान्यासाठी हा आकडा नफ्यापेक्षा मोठा असू शकतो.

म्हणून सप्लायरचं 'नो प्रॉब्लेम फ्रेंड' पुरेसं धरू नका. लायसन्सची प्रत किंवा निदान पेटंटधारकाच्या यादीतलं नाव, बिलावर मॉड्यूलचा नेमका मॉडेल क्रमांक, आणि भरपाईची लेखी हमी घ्या. शेनझेनच्या व्यापाऱ्याकडून हमी वसूल करणं सोपं नाही, हे खरं आहे. तरी मागा, कारण हमी द्यायला कोण तयार होत नाही त्यावरून मालाबद्दल बरंच कळतं.

१७. पेटंटच्या तक्रारीवरून कस्टम्स माल अडवू शकतं का?

पूर्वी अडवत असत. आयात मालाच्या बौद्धिक संपदा नियमांतून (२००७) जून २०१८ मध्ये पेटंट वगळलं गेलं. आता कस्टम्स स्वतःच्या अधिकारात पेटंटसाठी खेप रोखत नाही, कोर्टाचा हुकूम लागतो. ट्रेडमार्क, कॉपीराइट, डिझाइनसाठी ते नियम लागू आहेत.

१८. फोर-जी मॉड्यूल वापरतो. एका विदेशी कंपनीने 'स्टँडर्ड पेटंट'ची रॉयल्टी मागितली. द्यावीच लागते का?

मोबाईल नेटवर्कचा ठरलेला मानक पाळायचा तर काही पेटंटं टाळताच येत नाहीत. त्यांच्या मालकांनी वाजवी, रास्त आणि भेदभावरहित अटींवर परवाना देण्याचं वचन दिलेलं असतं. ते वचन दोन्ही बाजूंना बांधतं. मालकाने अवाच्या सवा मागू नये, आणि तुम्ही वर्षानुवर्षं टोलवाटोलवी करू नये. एरिक्सन विरुद्ध लावा खटल्यात २८ मार्च २०२४ ला २४४ कोटी रुपयांची भरपाई ठरली. त्याच निकालात आठपैकी एक पेटंट अवैधही ठरलं, म्हणजे आव्हान देणं वाया जात नाही. नोकिया आणि ओप्पोच्या वादात जुलै २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने अंतिम निकालाआधीच ओप्पोला हंगामी रक्कम भरायला लावली.

छोट्या कारखान्याने आधी विचारावं: मॉड्यूल बनवणाऱ्याने रॉयल्टी भरली आहे का? भरली असेल तर एकाच चिपवर दोनदा वसुली होत नाही (प्रश्न १६). नसेल तर लेखी उत्तर द्या की वाजवी दराने परवाना घ्यायची तयारी आहे, पेटंटची यादी, क्लेमचे तक्ते आणि इतरांना लावलेला दर दाखवा. असं पत्र फाइलवर असलं की 'हे परवाना घ्यायलाच तयार नव्हते' हा आरोप टिकत नाही.

१९. आमच्याही बोर्डावर आमचं स्वतःचं पेटंट आहे. हा बचाव होतो का?

नाही. पेटंट दुसऱ्याला अडवायचा हक्क देतं, स्वतः बनवण्याचा परवाना देत नाही. तुमची सुधारणा त्यांच्या मूळ शोधावर उभी असेल तर दोघांनाही एकमेकांची परवानगी लागेल. तडजोडीत मात्र ते पेटंट तुमच्या हातातलं नाणं आहे.

२०. त्यांचा अर्ज अजून मंजूरही नाही, तरी धमकीची पत्रं आमच्या डीलर्सना जात आहेत.

मंजुरीआधी दावा लावता येत नाही. मात्र मंजूर झाल्यावर अर्जाच्या प्रसिद्धीच्या तारखेपासूनची भरपाई मागता येते, म्हणून कानाडोळा करू नका. प्रसिद्धीनंतर मंजुरीपर्यंत कुणालाही पेटंट कार्यालयात विरोध करता येतो, आणि प्रश्न ९ मधला पुरावा वापरायची ही सगळ्यात स्वस्त जागा आहे.

निराधार धमक्यांविरुद्ध कलम १०६ खाली तुम्हीच दावा लावू शकता. धमकी निराधार होती असं जाहीर करणं, पुढच्या धमक्यांना मनाई आणि भरपाई, तिन्ही मागता येतं. फक्त 'आमचं पेटंट आहे' असं कळवणं ही धमकी धरत नाहीत. हे कलम किती जोरकस आहे ते बजाज आणि टीव्हीएसच्या दोन स्पार्क प्लगच्या वादात दिसलं. टीव्हीएसने २००७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयात याच कलमाखाली दावा लावला. १६ सप्टेंबर २००९ ला सुप्रीम कोर्टाने टीव्हीएसला विक्री चालू ठेवू दिली, हिशोब ठेवायला सांगून रिसीव्हर नेमला, आणि असे दावे लांबवू नयेत, शक्यतो चार महिन्यांत निकालात काढावेत असं सांगितलं. वाळूजमधल्या किती कारखान्यांच्या ऑर्डरी बजाजवर अवलंबून असतात हे सांगायला नको, त्यामुळे हा निकाल इथे अनेकांनी जवळून पाहिला.

२१. महावितरणच्या टेंडरमध्ये माल देतो. सरकारी कामाला पेटंट लागत नाही असं ऐकलं.

अर्धवट ऐकलं आहे. सरकार किंवा सरकारी उपक्रमासाठी शोध वापरण्याची तरतूद कलम ९९ आणि १०० मध्ये आहे, पण ती केंद्र सरकारला आणि त्याने लेखी अधिकार दिलेल्यांना. नुसतं टेंडर मिळालं म्हणजे तो अधिकार मिळत नाही. उलट टेंडरच्या अटींत पेटंटची जबाबदारी बहुधा पुरवठादारावरच टाकलेली असते, ते पान भरण्याआधी वाचा.

२२. तडजोड करावी का?

पेटंट दमदार आणि क्लेम तुमच्यावर नीट बसणारा असेल तर लवकर करा. तातडीचा हुकूम मागितलेला नसेल तर व्यावसायिक दाव्याआधी मध्यस्थीचा टप्पा सक्तीचाच आहे, तिथे वाजवी बोलणी होतात. परवान्याच्या करारात 'या पेटंटला कधीही आव्हान देणार नाही' अशी अट घालतील. परवान्यातली अशी अट कलम १४० प्रमाणे बेकायदा आहे, तसंच नको असलेली पेटंटं गळ्यात मारणारी अटही. रॉयल्टी पूर्ण मशीनवर लावायची की त्या भागावर, यावर जोर द्या. पंचवीस हजारांच्या पॅनलमध्ये चारशे रुपयांच्या बोर्डाचा वाद असेल तर टक्का कशावर मोजायचा, यातच सगळं येतं.

२३. डिझाइन बदललं तर दावा संपतो का?

मागच्या विक्रीपुरता नाही, पुढच्यासाठी हो, बदल खरा असेल तर. प्रश्न ८ मधल्या उदाहरणात करंटऐवजी फ्लोट स्विचवर ड्राय रन ओळखला, तर (ग) चा तुकडाच उरत नाही. बदलाची तारीख, नव्या पीसीबीचा आवृत्ती क्रमांक आणि कुठल्या सिरीयल नंबरपासून नवा माल सुरू झाला हे लिहून ठेवा, नाहीतर वादी सगळा स्टॉक एकाच मापात मोजतो. जुने बोर्ड डीलरकडे पडलेले असतील तर ते परत मागवल्याचं पत्र आणि पोच ठेवा.

नव्या डिझाइनची खात्री हवी असेल तर पेटंटधारकाला पूर्ण तपशील लेखी पाठवून 'यात उल्लंघन नाही' असं लेखी मागा. त्याने नकार दिला किंवा उत्तरच दिलं नाही, तर कलम १०५ खाली कोर्टाकडून तसं जाहीर करून घेता येतं. त्या अर्जात पेटंटच्या वैधतेवर बोट ठेवता येत नाही आणि खर्च सहसा अर्जदाराचा असतो, म्हणून हा मार्ग मोठी ऑर्डर हातात असेल तेव्हाच परवडतो.